आठ तारांपैकी चार

मंगळवार, १२ जून २००७. मूल गावात एका घराच्या छतावरचा रेडिओ बंद पडला होता, तो सुरू करायला आमच्या इंटरनेट कंपनीने मला पाठवलं होतं. चंद्रपूरहून एस.टी.ने पोचेपर्यंत दुपारचे दोन वाजले.

रेडिओ म्हणजे टॉवरवरून इंटरनेट घेणारा डबा. छतावर प्लग नसतो, म्हणून घरातल्या अ‍ॅडॉप्टरमधून नेटवर्क केबलमधूनच त्याला करंट पाठवतात.

त्या घरच्या शोभाताई घरी बसून एका कंपनीसाठी डॉक्टरांचे रेकॉर्डिंग टाइप करायच्या. घर त्यावरच चालायचं.

"मॅडम, सहापर्यंत फाइल नाई गेली त कंपनीवाले काम बंद करतो म्हणाले."

मी अ‍ॅडॉप्टर बदलला. शिडी लावून रेडिओ बदलला. तरी रेडिओचा दिवा लागेना. केबलला टेस्टर लावला तर आठपैकी एक, दोन, तीन, सहा या तारांचे दिवे लागले. मी समाधानाने टेस्टर पिशवीत टाकला. वर्षानुवर्षं मी तेवढेच चार बघत आले होते.

पाच वाजले. मी घाम पुसत होते, तेव्हा शोभाताई म्हणाल्या, "वानरांनी केबल तोडली व्हती. काल गजाननभाऊंनी नवी टाकली."

वायरमन गजानन शेजारीच राहायचा. त्याला बोलावलं.

"किती तारा जोडल्या?"

"चार. तुमीच त सांगतलं व्हतं मॅडम, चारच लागते, बाकीच्या फालतू."

खरं होतं. दोन कॉम्प्युटर जोडायला मीच त्याला तसं शिकवलं होतं. इथे मात्र करंट उरलेल्या चारांतून जातो, निळ्या आणि तपकिरी जोडीतून. त्या त्याने कापून टाकल्या होत्या.

"तुमच्या फालतू तारांपायी माह्यं काम चाल्लं ना भाऊ!" शोभाताई म्हणाल्या.

"त्याच्या नाही, माझ्या," मी म्हणाले.

केबलची दोन्ही टोकं कापून आठही तारा बसवल्या. दिवा लागला. फाइल सहा वीसला गेली. टायपिंगच्या कंपनीच्या सुपरवायझरने शोभाताईंना फोनवर काम थांबवल्याचं सांगितलं. मी फोन घेतला. "बिघाड आमचा होता." तो म्हणाला, "लिहून द्या, मग बघू."

केबल तपासायची तर आठही तारा तपासाव्यात. टेस्टरचे चार दिवे लागले म्हणजे केबल चांगली असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडताच पत्र टाइप केलं. आमचे साहेब वाचून म्हणाले, "लेटरहेडवर आपलीच चूक लिहून देता?"

"मग कोणाची लिहू?"

त्यांनी सही केली. मी त्या सुपरवायझरला फॅक्स लावला.