तारखेले येशीन का?

पार्बताबाई आरोपीला गुन्हा कधी विचारत नसत. कलम कोणतं लागलं, भांडण कुठे झालं, चूक कोणाची, यातलं काही नाही. वाशीमच्या कोर्टाच्या आवारात एक निंबाचं झाड आहे, त्याच्या पारावर त्या बसायच्या. पोलिसांच्या गाडीतून उतरवलेल्या माणसाजवळ जायच्या, त्याच्या तोंडाकडे नीट बघायच्या आणि एवढंच विचारायच्या, "तारखेले येशीन का?" तो हो म्हणाला की कमरेला खोचलेली साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी बाहेर निघायची. पिशवीत सातबारा, ऐपतीचा दाखला आणि आधार कार्ड. मग माझ्याकडे वळून म्हणायच्या, चाला वकीलसायेब, अंगठा कुठं लावाचा ते सांगा.

जामीन मंजूर होणं आणि माणूस घरी जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे मला कोणत्या पुस्तकानं शिकवलं नाही, वाशीमच्या कोर्टानं शिकवलं. न्यायाधीश आदेश लिहितात, पण त्या आदेशाखाली आणखी एका माणसाला उभं राहावं लागतं. हा पळाला तर माझ्याकडून वसूल करा, असं त्यानं लिहून द्यायचं आणि तेवढी ऐपत आहे हे कागदानं दाखवायचं. ज्याच्या घरी शेतीवाडी आहे त्याचे काका-मामा दुपारच्या आत सातबारा घेऊन हजर होतात, आणि तो संध्याकाळचा चहा घरी पितो. ज्याचे काका-मामा त्याच्यासारखेच दुसऱ्याच्या वावरात राबणारे, तो जामीन मिळूनही आतच राहतो. आवारात भाड्याचे जामीनदारही फिरतात, पण त्यांचं भाडं परवडत असतं तर प्रश्नच नव्हता. असा जामीन मिळालेला कैदी मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला संताप आला होता. आता नुसता थकवा येतो.

पार्बताबाई किन्हीराजाच्या. उंचीनं लहान, अंगानं वाळक्या, आवाज मात्र वावराच्या या टोकावरून त्या टोकाला जाईल असा. कोर्टाच्या दारात चप्पल काढून आत जायच्या. शिपायानं किती वेळा सांगितलं की बाई, हे देऊळ नाही. त्या म्हणायच्या, माहीत हाय, पन इथंबी हात जोडूनच उभं राहा लागते ना. पहिल्यांदा माझ्या अशिलासाठी त्या उभ्या राहिल्या तेव्हा नवीन आलेल्या न्यायाधीशांना शंका आली. रोज आवारात दिसतात म्हणजे भाड्याच्या असणार, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी जरा कडक आवाजात विचारलं, आरोपी तुमचा कोण लागतो?

"कोनीच नाही, सायेब," बाई म्हणाल्या. "त्याची बायको सकायपासून गेटापाशी उभी हाय. तिले पाह्यलं मी."

न्यायाधीशांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, मग कागदांकडे पाहिलं. कागद खरे होते. सही झाली.

अडचण एकच होती. बाईंचं वावर एवढंसं. कोर्टानं एकदा त्यावर जामिनाची नोंद घातली की ती खटला संपेपर्यंत राहायची, आणि आमच्याकडे खटला संपायचा म्हणजे तीन न्यायाधीशांची बदली व्हावी लागते. तोवर त्या वावरावर दुसरा माणूस सुटू शकत नसे. म्हणून मधली वर्षं त्या नुसत्या पारावर येऊन बसायच्या, आपल्या माणसाच्या तारखेला त्याच्याबरोबर. दुसऱ्या कोणाची बायको येऊन पायाशी बसली की त्यांचा चेहरा उतरायचा. "एक वावर, एक मानूस," त्या म्हणायच्या. "दुसऱ्याले कुठून आनू, माय?" मग तिला चहा पाजायच्या आणि त्या दिवशी लवकर घरी निघून जायच्या. एवढ्या वर्षांत त्यांनी किती माणसं सोडवली असतील? माझ्या हाताच्या बोटांवर मोजता येतील. पण एक वेळ सोडली तर, ज्याला सोडवलं त्याची एकही तारीख त्यांनी चुकू दिली नाही.

हे सगळं कशासाठी, हे मी एकदाच विचारलं. एसटीची वाट बघत होतो, गाडीला उशीर होता, म्हणून बोलल्या. त्यांच्या नवऱ्याला कधीकाळी गुरांच्या भांडणात धरून नेलं होतं. जामीन झाला होता, पण वावर तेव्हा सासऱ्याच्या नावावर, आणि सासऱ्याला भीती की अंगठा लावला की सरकार जमीन लिलावात काढील. त्यानं अंगठा लावला नाही. पेरणी गेली, सुगी गेली, नवरा आतच. शेवटी खटला चालला आणि तो निर्दोष सुटला.

"सुटल्यावर मालकानं इचारलं, मंग इतके दिवस मी आत कायले होतो?" बाई म्हणाल्या. "साऱ्यायनं कागद गोया केले अन् दुसरा पुकारा झाला."

सासऱ्यामागे नवरा गेला, वावर बाईंच्या नावावर आलं, आणि त्या पिशवी घेऊन वाशीमला येऊ लागल्या. त्यांच्या मुलीला, संगीताला, हे मुळीच पसंत नव्हतं. तिला वावरात सरकारी योजनेतून विहीर हवी होती आणि त्यासाठी सातबारा कोरा लागत होता. ती आईशी भांडायची आणि भांडून झालं की डबा बांधून द्यायची.

विठ्ठलची गोष्ट सांगितल्याशिवाय बाई पूर्ण होत नाहीत. तालुक्यातल्या एका मोठ्या धान्यव्यापाऱ्याच्या मुलाचं प्लॉटवरून कोणाशी तरी भांडण होतं. एक दिवस तो गाडी घेऊन गेला आणि समोरच्याचा हात मोडून आला. जाताना त्यानं गोदामातला एक हमालही गाडीत घेतला होता, नुसता संख्येला. तो विठ्ठल. "शेठच्या पोरानं म्हटलं गाडीत बस, मी बसलो, सायेब," यापलीकडे त्याला आपला गुन्हा सांगता येत नव्हता. फिर्यादीत दोघांचीही नावं होती, कलमंही तीच. व्यापाऱ्याच्या मुलानं अटकेआधीच जामीन आणला, त्यानं पोलीस ठाण्याचा बाकसुद्धा पाहिला नाही. विठ्ठल आत गेला. त्याचाही जामीन झाला, पण त्याच्यासाठी उभं राहणारं कोणी नव्हतं. योगायोगानं बाईंचं वावर नुकतंच मोकळं झालं होतं. संगीतानं विहिरीचा अर्जही आणून ठेवला होता. बाईंनी गेटापाशी उभी असलेली विठ्ठलची बायको पाहिली आणि ठरलेला प्रश्न विचारायला गेल्या.

विठ्ठल सुटला आणि तारखेला येऊ लागला. व्यापाऱ्याचा मुलगा कधीच येत नसे. त्याच्या वकिलाचा हजेरी माफीचा अर्ज यायचा, कधी तब्येतीचा, कधी बाहेरगावचा, आणि मंजूर व्हायचा. कायद्यात तशी सोय आहे, त्यात गैर काही नाही. एकदा तापाचं सर्टिफिकेट दाखल झालं त्याच दिवशी त्याच्या मोबाइलच्या स्टेटसवर समुद्र होता, एवढंच.

मग विठ्ठलकडून ती चूक झाली. व्यापाऱ्यानं त्याला कामावरून काढलं होतं, म्हणून त्यानं मुकादमाकडून उचल घेतली आणि बायकोला घेऊन ऊसतोडीला गेला, पार सांगलीकडे. मला सांगितलं असतं तर मीही एक अर्ज लिहिला असता. पण आपल्यासारख्याला न येण्याची परवानगी मिळू शकते, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. तारीख आली, पुकारा झाला, विठ्ठल नाही. त्याच्या नावानं वॉरंट निघालं आणि बाईंना नोटीस, की जामिनाची रक्कम भरा, नाहीतर वावर जप्त का करू नये ते पुढच्या तारखेला येऊन सांगा.

मी बाईंना समजावलं, मुदत मागू, काहीतरी करू. संगीता रडत होती. बाईंनी नोटीस घडी करून पिशवीत ठेवली. "त्यानं हो म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "कामात भुलला असन. आठवन करून द्या लागते." आणि त्या वयात, कधी अकोल्यापलीकडे न गेलेली ही बाई एसट्या बदलत, विचारत विचारत उसाच्या मुलखात निघून गेली.

तारखेच्या दिवशी विठ्ठल कोर्टात हजर होता. अंगावर उसाच्या पात्यांचे ओरखडे, डोळे जागरणानं लाल. बाई मात्र कुठे दिसेनात. न्यायाधीशांनी वॉरंटचं विचारलं, मग फाइल चाळून म्हणाले, नोटीस जामीनदाराला आहे, जामीनदार कुठे आहे?

विठ्ठल माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, सांग.

"सायेब, मुकादम मले सोडत नव्हता. म्हने, उचल घेतली, अन् कोर्टात जातो म्हनून गेलेला परत येत नाही. जायाचं असन तं जामीन ठेवून जाय." बाईंना तो माय म्हणायचा. "मंग माय म्हने, मले ठेवा याच्या जाग्यावर. याले तारखेले जाऊ द्या. माय तिकडंच हाय. माही बायको ऊस तोडते, माय मोया बांधते."

न्यायाधीश वाईट माणूस नव्हते. त्यांनी थोडा दंड करून वॉरंट रद्द केलं, बाईंची नोटीस काढून टाकली. मग त्याच फाइलमधला दुसरा कागद हातात घेतला. व्यापाऱ्याच्या मुलाचा माफीचा अर्ज. मंजूर. मला त्या दिवशी वकिलीचा खरोखर वीट आला. जेवायचा डबा मी तसाच घरी नेला.

विठ्ठल परत तोडीवर पोचल्यावर बाई सुटून आल्या, त्या खोकला घेऊन. मी त्यांच्यावर रागावलो, हे वय आहे का मोळ्या बांधायचं, म्हणून. त्या हसल्या. म्हणाल्या, "तिथंबी असंच हाय, वकीलसायेब. फक्त मुकादम पुढची तारीख देत नाही."

खोकला गेला नाही. पारावर येणं आधी कमी झालं, मग थांबलं. विठ्ठल तारखेला आला की आधी किन्हीराजाला उतरून त्यांना तोंड दाखवून यायचा. गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. खटल्यात तोवर एकाच साक्षीदाराची साक्ष झाली होती.

काही दिवसांनी संगीता माझ्याकडे आली. मृत्यूचा दाखला तिनं टेबलावर ठेवला. चिडलेली नव्हती, नुसती दमलेली होती. "माय गेली, पन वावर अजून कोर्टातच हाय," ती म्हणाली. "आता तरी मोकयं करून द्या." तिचं काही चुकत नव्हतं. मी अर्ज लिहिला, कोर्टानं लगेच मंजूर केला, नोंद निघाली. बाईंच्या नावाचं एवढं झटपट झालेलं काम मी तेवढं एकच पाहिलं. त्याच आदेशात खाली आणखी एक ओळ होती: आरोपीनं नवा जामीनदार द्यावा.

विठ्ठल दारोदार फिरला. भावाकडे झोपडीशिवाय काही नव्हतं. गावच्या पाटलांनी बघू म्हटलं. शेवटी तो त्या व्यापाऱ्याकडेही गेला, ज्याच्या मुलाच्या गाडीत बसला होता. तिथे मुनिमानं उद्या ये म्हणून सांगितलं, आणि पुढेही तेच सांगत राहिला. मी कोर्टाला विनंती केली की याला त्याच्या स्वतःच्या हमीवर सोडा, इतकी वर्षं येतो आहे. पण त्याच्या नावावर एक वॉरंट होतं. एक तारीख त्यानं चुकवली होती, कागदावर तसं दिसत होतं. व्यापाऱ्याच्या मुलानं कागदावर एकही चुकवली नव्हती. कोर्टानं मुदत दिली, मग वाढवून दिली, आणि पुढच्या तारखेला जामीनदार नसेल तर ताब्यात घ्यावं लागेल असं स्पष्ट सांगितलं.

खरं सांगतो, त्यानं येऊ नये असंच मला वाटत होतं. उसाचा हंगाम होता, महाराष्ट्र मोठा आहे. वकिलानं असं म्हणू नये, म्हणून मी त्याला काही म्हटलं नाही.

तारखेला आधी व्यापाऱ्याच्या मुलाचा माफीचा अर्ज मंजूर झाला, घरात लग्न आहे म्हणून. मग विठ्ठलच्या नावाचा पुकारा झाला. तो निंबाच्या पारावरून उठला. हातात कापडी पिशवी, तिच्यातून चादरीचं टोक बाहेर आलेलं. सोबत कोणी नव्हतं. कोर्टाच्या दारात त्यानं चप्पल काढली आणि भिंतीशी नीट लावून ठेवली.

मी त्याच्याजवळ सरकलो आणि हळूच विचारलं, "विठ्ठल, कशाला आलास रे?"

त्याला माझा प्रश्न कळला नसावा. "मायनं इचारलं होतं ना," तो म्हणाला. "मी हो म्हटलं होतं."

आदेश लिहून झाला. पोलिसानं पिशवी तपासली, चादर झटकून पाहिली आणि त्याला चप्पल घालायला सांगितलं.