मोहगावचा बरोक जिना

माझा नवरा महाल बांधतो. सौंसरला खताच्या दुकानावर त्याचं ऑफिस आहे, आणि पांढुर्ण्यापासून बोरगावपर्यंत ज्याला ज्याला संत्र्याने पैसा दिला, तो त्याची पाटी शोधत तिथला जिना चढतो. थर्माकोलचे खांब, त्यावर सिमेंटचा लेप, गच्चीवर पंखवाली गुबगुबीत बाळं, पाण्याच्या टाकीला मुकुट. एका व्यापाऱ्याने तर त्या बाळांच्या हातात संत्री द्यायला लावली. मला किळस येते. मी विनायकची बायको, नलिनी. ह्या महालांच्या पैशावरच माझी चूल पेटते, तरीही येते.

त्यालाही हे आवडत नाही, असं तो म्हणायचा. नागपूरला कॉलेजात असताना त्याने युरोपातल्या जुन्या बरोक महालांची चित्रं पाहिली आणि तेव्हापासून त्याचं डोकं तिकडेच राहिलं. जेवताना वाटी सरकवून मला समजावायचा, की बरोक म्हणजे नक्षीचा मारा नव्हे. जिना चढता चढता माणूस वळला पाहिजे, अंधारातून उजेडात आला पाहिजे, त्याचा ऊर भरून आला पाहिजे. वरण गार व्हायचं. आयुष्यात एक तरी खरा जिना बांधायचा, एवढंच त्याचं मागणं होतं.

तो जिना त्याला मोहगावच्या दादारावांकडे मिळाला. दादाराव संत्र्याचे व्यापारी. जुनं घर पाडून महाल बांधायला निघाले होते. त्यांची आई मनकर्णाबाई मात्र अडून बसली. तिची एकच अट होती, पोळ्याला बैल दारापर्यंत आले पाहिजेत. लग्न होऊन आली तेव्हापासून ती उंबऱ्याशी त्यांचे पाय धुवत आली होती, आणि आता गुडघ्यांमुळे तिला पायऱ्या उतरता येत नव्हत्या. विनायकने तिचा हात हातात घेऊन सांगितलं, "येतीन आजी, दारापर्यंत येतीन." तो तिगावच्या शेतकऱ्याचा मुलगा. म्हातारीने विश्वास ठेवला.

पहिल्या नकाशात दाराच्या बाजूने बैलांसाठी उतार होता, तो मी पाहिला होता. पुढच्या नकाशात तो गायब झाला. विचारलं तर म्हणाला, दोन्हीकडून वळत येणारा जिना, मधोमध उंच दार, आणि त्याला उतार चिकटवला तर सगळं दवाखान्यासारखं दिसतं. बैलांचं काय, म्हटलं. पायऱ्या बुटक्या ठेवल्या आहेत, बैल चढतो, म्हणाला. ज्याने लहानपणी बैल धुतले, तो माणूस असं बोलला.

जिना झाला. खोटं कशाला बोलू, सुंदर झाला. काळाभोर ग्रॅनाइट, आरशासारखा गुळगुळीत. पहिल्यांदा चढताना मीसुद्धा वळणावर थांबून वर पाहिलं, आणि म्हणून तर जास्त चीड येते.

पोळ्याला आम्हा दोघांना आमंत्रण होतं. गावच्या वेशीवरचं तोरण तुटलं, पोळा फुटला आणि दादारावांच्या चांद्या-लखनची जोडी झुली लेवून, शिंगं रंगवून घरी आली. मनकर्णाबाई वर दारात पाण्याचा तांब्या आणि पुरणपोळीचं ताट घेऊन उभी होती. दादारावांनी पायऱ्यांवर लाल गालिचा अंथरला होता, ड्रोनवालाही बोलावला होता. चांद्या वळणापर्यंत चढला. तिथे गालिचा सरकला. त्याचा पुढचा पाय मुडपला आणि तो अवाढव्य जीव पायऱ्यांवरून आपटत खाली आला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. म्हातारी वरून "चांद्या, चांद्या" करत राहिली, पण तिला खाली आणायचं कोणाला सुचेना. लोक मोबाइल धरून उभे होते. त्या दिवशी मला माणसांचीच शिसारी आली. जनावरांच्या डॉक्टरने सांगितलं, बैल आता पुन्हा उभा राहणार नाही.

दुसऱ्या दिवशी अर्धं मोहगाव पांढुर्ण्याची गोटमार, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची दगडफेकीची जत्रा, पाहायला गेलं. विनायक सकाळीच पिशवी घेऊन मोहगावला निघाला. म्हातारीच्या पाया पडायला जात असेल, असं वाटून मी गाडीवर मागे बसले. जिन्यासमोरच्या गोठ्यात मनकर्णाबाई जमिनीवर बसली होती, चांद्याची मान मांडीवर घेऊन. तिला खुर्चीसकट उचलून आणलं होतं. मी तिच्याजवळ गेले. विनायक गोठ्यावरून सरळ पुढे गेला आणि जिन्याशी उकिडवा बसला.

चांद्याचं शिंग आपटून एका पायरीचा टवका उडाला होता. पिशवीतून त्याने खाचा बुजवायची काळी लांबी काढली आणि तो टवका भरू लागला.

मनकर्णाबाई बराच वेळ बघत होती. मग आवाज न चढवता म्हणाली, "बाबू, तुह्या बापाच्या दारात पोळ्याले बैल येत नोहते काय?"

त्याने ऐकलं. कान लाल झाले. पायरी घासली, फडक्याने पुसली, पुन्हा घासली. मग मला हात करून बोलावलं आणि हळूच विचारलं, "नलू, आता काही दिसून राहिलं काय?"

मी वाकून पाहिलं. काहीच दिसत नव्हतं.