साठ होकार आणि एक नासिर होडेकर

रत्नागिरीचा माणूस तसा तोंडाचा फटकळ. पण ओळखीच्या माणसाची लेक ओटीवर येऊन बसली, पाणी प्यायली, की त्याच माणसाच्या तोंडून 'नाही' निघता निघत नाही. उझमा होडेकर मांडवीत लहानाची मोठी झाली, तेव्हा तिला हे ठाऊक असायला हवं होतं. पण शिकलेल्या माणसाला गावची रीत नेमकी कामाच्या वेळी आठवत नाही.

साल २००९. उझमा कॉलेजात तासिका तत्त्वावर कॉम्प्युटर शिकवायची. पुढच्या जूनमध्ये एक जागा कायम भरली जाणार होती. तोवर पीएच.डी.चा प्रबंध सादर झाला तर जागा तुझीच, असं प्राचार्यांनी तिला दोनदा सांगितलं होतं. प्रबंधाचा विषय होता रत्नागिरीतल्या लहान उद्योगांनी केलेला क्लाउड कॉम्प्युटिंगचा स्वीकार. म्हणजे धंद्याची माहिती दुकानातल्या कॉम्प्युटरवर न ठेवता लांबच्या एखाद्या कंपनीच्या यंत्रांवर ठेवायची आणि इंटरनेटवरून हवी तेव्हा बघायची. त्या वर्षी गावात वीज दिवसातून दोनदा जायची आणि इंटरनेट तिच्याही आधी जायचं. पण कोल्हापूरच्या मार्गदर्शक सरांना विषय फार आवडला होता, त्यामुळे तो बदलायचा प्रश्नच नव्हता.

बावीस प्रश्नांचा फॉर्म घेऊन ती निघाली, आणि रस्ते दाखवायला म्हणून अब्बांना बरोबर घेतलं. इथेच घोटाळा झाला. तिचे अब्बा, नासिरभाई, कुवेतला बोटींच्या इंजिनांवर वीस वर्षं काढून ९८ साली कायमचे परतले होते आणि मिरकरवाड्याला होड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवत होते. कुणाचं इंजिन बंद पडलं की जेवणावरून उठून जाणारा माणूस. त्यांच्या स्कूटरवर मागे बसून उझमा आरे-वारेपासून मालगुंडापर्यंत साठ उद्योगांत फिरली. बर्फवाले, आंब्याच्या पेट्यावाले, कोकमवाले, सगळ्यांनी सरबत दिलं आणि फॉर्म न वाचता प्रत्येक प्रश्नापुढे 'होय'वर खूण केली. 'आपल्याकडे कॉम्प्युटर नाही, हे खरे आहे का?' यालाही होय, आणि 'आपण तो रोज वापरता का?' यालाही होय.

सरांनी तक्ते पाहिले आणि चष्मा काढला.

"होडेकर, संशोधनात शंभर टक्के येत नसतात. परीक्षक हसतील. मार्चपर्यंत नकार आणा. दहा तरी."

उझमा यावेळी एकटीच एसटीने मालगुंडला गेली. तिथे केरू शितपांचा काजूचा कारखाना होता. केरूकाकांचा कॉम्प्युटर टेबलावर होता, त्यावर भरतकामाचा रुमाल होता आणि रुमालावर जास्वंद वाहिलेली होती.

"काका, खरं सांगा. तुम्हाला हे नकोच असेल ना? मग नाही म्हणा. माझं काम होईल."

"नासिरभायची पोरगी घरात येवन बसली, तिला नाय म्हनू?" केरूकाकांना ते खरोखरच लागलं. "आनखी होय हवे असतील तर सांग. माझ्या भावाचा पन फॉर्म भर."

असे आठ दिवस गेले. नकारासाठी ती दारोदार हिंडली आणि आणखी पाच होकार गळ्यात घेऊन आली. शेवटी एका दुपारी तिने अब्बांच्या दुकानात बसून दहा कोरे फॉर्म काढले आणि नकार आपल्याच हाताने भरायला घेतले. लाज वाटत होती, पण जागा हातची जाण्याची भीती लाजेपेक्षा मोठी होती.

"मला नाय विचारलंस कधी," अब्बा म्हणाले.

"घरच्यांना विचारायचं नसतं."

"तरी विचार."

नासिरभाईंनी चष्मा लावला आणि बावीसच्या बावीस प्रश्न बोट ठेवून वाचले. पासष्ट माणसांनंतर हे करणारा पहिला माणूस.

"नाय," ते म्हणाले.

"इंटरनेट चालत नाही म्हणून?"

"उद्या चालेल. तरी नाय." त्यांनी गल्ल्याखालची वही काढली. कुठल्या होडीला काय लागलं, कधी लागलं, सगळं तीत होतं. "रावजी नवीन इंजिन म्हनून बंदरावर मिरवतो, तो जुना हाय, मी बांधून दिलाय. धोंडू तांडेल हल्ली दर फेरीला दोर दुप्पट नेतो. भ्यायला लागलाय समुद्राला. त्याच्या बायकोला पन म्हाईत नाय. ह्यात माझा काय हाय सांग. लोकांनी माझ्याकडं ठेवलेला मी तिसऱ्याकडं कसा ठेवू? त्यांना विचारलंय कुनी?"

उझमाने फॉर्म पुन्हा वाचला. बावीस प्रश्नांत हा एक प्रश्न नव्हता. क्लाउडवर तिने जमवलेल्या सगळ्या इंग्रजी लेखांत माहिती सुरक्षित आहे का, स्वस्त पडते का, हे होतं. माहिती मुळात कुणाची, हे दुकानदाराला कुणी विचारलंच नव्हतं. तिने दहाही फॉर्म फाडले. मग सरांना पत्र लिहिलं, की पाहणी पुन्हा पहिल्यापासून करते.

ती पुन्हा साठ ठिकाणी गेली, एकटी. या वेळी एवढंच विचारलं, की तुमच्याकडे दुसऱ्यांचं काय काय ठेवलेलं आहे? केरूकाका दोन तास बोलले. कामावरच्या कुठल्या बाईने नवऱ्यापासून कुठलं आजारपण लपवलंय, इथपर्यंत त्यांच्याकडे नोंद होती. बोलून झाल्यावर ते आपणहून म्हणाले, "हे नाय हां कुठं पाठवायचा." साठांपैकी सत्तेचाळीस जणांनी क्लाउडला नाही म्हटलं, आणि प्रत्येकाचं कारण तिच्या वहीत पानभर झालं.

एवढ्यात जून उलटला. जागा शेजारच्या जिल्ह्यातल्या एका गृहस्थांना मिळाली. त्यांचा प्रबंध वेळेत झाला होता. त्यांच्याकडे पंच्याण्णव टक्के उद्योजक क्लाउडला तयार निघाले होते.

ती दुकानात जाऊन बसली. अब्बा दोर गुंडाळत होते.

"माझ्या त्या एका नायपायी तुझी जागा गेली काय?"

दुसरं कुणी असतं तर उझमाने सहज नाही म्हटलं असतं.

"होय, अब्बा."

त्यांचा हात थांबला. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवले नाहीत.

"तरी पन नायच," ते म्हणाले, आणि दोर गुंडाळू लागले.