मोकळ्या हाताचं वजन

पन्नाशीला टेकलेली बाई रविवारी सकाळी नदीच्या पात्रात उकिडवी बसून खेळण्यातला ट्रक खडकावर चढवते, हे आमच्या सोसायटीला अजून पचलेलं नाही. मुलगा कॉलेजात गेला आणि त्याने ती रिमोटची गाडी माळ्यावर टाकली. मी आधी ती विकायची म्हणून पुसली, मग चालते का ते बघायचं म्हणून चालवली, आणि मग जी चटक लागली ती लागलीच. गंगापूर रोडवरच्या आमच्या गेटमधून बाहेर पडताना मी ट्रक पिशवीत घालायचे आणि वर कोथिंबिरीची जुडी ठेवायचे. बाजारात जाताना घरून कोथिंबीर कोण नेतं, हे मला बरंच उशिरा सुचलं. तेव्हाही लाजच वाटायची, पण तिच्यात थोडी गंमत होती. यंदाच्या गणपतीत जी लाज वाट्याला आली तिच्यात गंमत अजिबात नाही.

खडकावर चढणाऱ्या या गाड्यांचा जीव सर्व्होत असतो. सर्व्हो म्हणजे काडेपेटीहून जरा मोठी डबी. तिच्यात मोटर आणि गिअर असतात. तिला सांगायचं, इतकं वळ, की ती तितकंच वळते आणि तिथेच धरून ठेवते. पुढचं चाक दोन दगडांच्या बेचक्यात अडकलं की ते वळवायचा सगळा भार या डबीवर येतो. सुरुवातीला मी स्वस्तातले सर्व्हो आणले. त्यांचे प्लॅस्टिकचे दाते पहिल्याच दगडाला गळाले. मग अक्कल येत गेली. दाते धातूचेच हवेत, सगळे, नुसता वरचा एक नव्हे. उष्णता बाहेर जायला कवच ॲल्युमिनियमचं हवं. आणि खोक्यावर छापलेल्या ‘पस्तीस किलो’ला भुलायचं नाही. तो जोर आसापासून एका सेंटीमीटरवरचा. हात जितका लांब, तितका तो कमी होत जातो. शिवाय तो आकडा सर्व्हो जिथे दमून थांबतो तिथला असतो, जिथे तो सुखाने काम करतो तिथला नव्हे. म्हणून मी पाव हिश्शाच्या वर भार पडूच देत नाही. आमच्या रविवारच्या टोळक्यात नवं कुणी आलं की मी हे सगळं त्याला न विचारता ऐकवते.

माझे सासरे एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले. सोसायटी झाल्यापासून गणपतीचा हलता देखावा त्यांचाच. गाड्यांच्या वायपरच्या मोटरी, सायकलच्या चेन, पत्र्याच्या पट्ट्या, एवढ्यावर त्यांनी समुद्रमंथन केलं, गोवर्धन उचलला, एकदा तर दळण दळणारी जनाबाई केली आणि तिच्या जात्यातून खरंच पीठ पाडलं. शेजारच्या सोसायटीतली माणसं आमच्याकडे बघायला यायची. बाबा तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहायचे. कुणी विचारलं की, “काही नाय, जुनं भंगार हाय,” एवढंच म्हणायचे. पण ते कुणीतरी विचारावं म्हणूनच तिथे उभे असायचे.

मग त्यांच्या उजव्या हाताला कंपवात झाला. चहाची बशी वाजायला लागली. गेल्या वर्षीचा देखावा दोनदा बंद पडला. यंदाच्या मीटिंगमध्ये अध्यक्ष फार गोड आवाजात म्हणाले, “काका, तुम्ही आता आराम करा. आपण एलईडीची भिंत भाड्याने आणू.”

बाबांनी हात मांडीखाली दाबून ठेवला होता. “येवढं एक वर्ष करू द्या,” ते म्हणाले. “नाय जमलं तर मग तुम्ही म्हणाल तसं.”

असं त्यांनी पूर्वी कुणाला म्हटलेलं मला आठवत नाही. मला इतका राग आला की मी मध्येच बोलले, की या वर्षी बाजूची हलती चित्रं नकोतच. मूर्तीचाच हात हलवू. आरती सुरू झाली की बाप्पा हात वर करून आशीर्वाद देईल. कल्पना माझी, उत्साह माझा, आणि बाबांची शेवटची संधी त्याच्यावर लागलेली.

मूर्ती कागदाच्या लगद्याची होती. उजवा हात कोपरापासून वेगळा करून मिळाला. तो मी ओट्यावर आणला, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, लांबी मोजली. लगदा तो, फार काही भरला नाही. माझा पस्तीस किलोचा सर्व्हो जोराच्या पाव हिश्शातच तो उचलणार होता. बाबांनी डबी तळहातावर घेतली. ती त्यांच्या हातावर थरथरत होती.

“येवढुशा डबीत पस्तीस किलो? लय फेकतात बघ.”

“एका सेंटीमीटरवर, बाबा.”

“असं व्हय. मग झिजंल कधी?”

“धातूचे दाते आहेत. आपल्यानंतरही टिकेल.”

मी छाती पुढे काढून बोलले. स्क्रू मीच आवळले, कारण बारीक स्क्रू आता बाबांच्या हाताला लागत नाहीत. ते शेजारी बसून टॉर्च धरत होते आणि प्रकाश भिंतभर फिरत होता. मी, “असाच धरा, छान आहे,” म्हणत अंदाजाने काम करत होते. कोपराचा सांधा आम्ही वस्त्राखाली झाकला, मागून चिकटपट्टी लावून बंद केला. त्या रात्री बाबा दोन घास जास्त जेवले.

स्थापनेच्या दिवशी गुरुजींनी प्राणप्रतिष्ठा केली. आरती सुरू झाली, मी बटन दाबलं, आणि बाप्पाचा हात इतका सावकाश, इतका नितळ वर गेला की बायकांच्या तोंडून आपसूक ‘मोरया’ निघालं. अध्यक्षांनी बाबांना मिठी मारली. “काका, मानलं तुम्हाला!” बाबा खांबाला टेकून उभे होते, इस्त्रीच्या शर्टात.

दुसऱ्या दिवशी समोरच्या काकूंनी नवसाचं चांदीचं कडं आणलं. चांगलं भरीव. दर वर्षी दागिने मूर्तीच्या गळ्यात पडतात. पण यंदा आशीर्वाद देणारा हात दिसत होता, मग वाहायचं तेही त्याच हातावर, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. एका कड्याची दोन झाली. मग चांदीची दूर्वांची जुडी बोटांत आली, रुद्राक्षाची माळ मनगटावर, आणि जास्वंदीचे ओले हार पंज्यावर. माझ्या माहेरी लहानपणापासून गणपतीला दागिने घालायचं काम माझंच होतं. बाजूबंद कुठे, कडं कुठे, सगळं मला पाठ. आणि त्या मीच काट्यावर मोकळा हात ठेवला. देवाचा हात मोकळा राहत नाही, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. खडकांचा हिशेब डोक्यात होता आणि देवघर विसरले होते.

त्यात अध्यक्ष म्हणाले, आरतीपुरताच का, लोक दिवसभर दर्शनाला येतात, हात वरच राहू द्या. फोटोही चांगले येतात.

त्या संध्याकाळी हात थरथरायला लागला. भार सोसेना की तो बोटभर खाली यायचा, सर्व्हो घुर्र करून परत वर ढकलायचा, परत खाली. सतत. बघणाऱ्याला तो कंपच वाटायचा. मी गुरुजींना गाठलं आणि विचारलं, मागून वस्त्र सोडून आत हात घालू का? दुसरा सर्व्हो लावते, अर्ध्या तासाचं काम आहे. गुरुजी माझ्याकडे बघतच राहिले. “प्राणप्रतिष्ठा झालेली आहे हो. उत्तरपूजेपर्यंत अंग उघडायचं नाही.” मग दागिने तरी उतरवू या, म्हणून काकूंकडे गेले. नवसाचं कडं कसं काढणार, म्हणत त्यांचे डोळे भरले. शेवटी अध्यक्षांना म्हटलं, हात खाली घेऊन ठेवते. तर ते म्हणाले, “अहो, बाप्पाने आशीर्वादाचा हात खाली घेतला असं होईल ते! लोक काय म्हणतील?”

लोक काय म्हणायचं ते म्हणतच होते. प्रसादाच्या रांगेत माझ्या पुढे दोघी होत्या.

“हात बघितलास? कसा थरथरतोय.”

“काकांनी बसवलाय ना. त्यांचाच हात आता स्थिर नाही, बिचारे. हट्टाने घेतलं अंगावर.”

मी तिथल्या तिथे म्हटलं, “बाबांनी नाही बसवला. सर्व्हो मी निवडला, वजन मी केलं, चूक माझी आहे.” चांगलं मोठ्याने म्हटलं. त्यांतली एक वळली आणि तिने माझा हात हातात घेतला. “किती सांभाळून घेतेस गं सासऱ्यांना! अशी सून मिळायला भाग्य लागतं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आणखी दोघातिघांना सांगितलं. अध्यक्षांना तर आकडे सांगितले, कड्याचं वजन, कोपरापासूनचं अंतर, सगळं. जितकं जास्त सांगत गेले तितकी मी आणखी गुणी होत गेले. खरं बोलून कुणाची इतकी बेअब्रू होत असेल असं वाटलं नव्हतं, आणि तीही माझी नव्हे, बाबांची.

बाबांच्या कानावर हे आलं असणारच. ते रोज आरतीला यायचे, पण खांबापाशी नाही, मागे चपलांजवळ उभे राहायचे. टाळ्या वाजवत नसत. उजवा हात पँटच्या खिशात. एकदा मी जेवताना म्हटलं, “बाबा, दागिन्यांचं वजन माझ्या लक्षातच आलं नाही.”

“माझ्या तरी कुठं आलं?” ते म्हणाले आणि ताकाची वाटी डाव्या हाताने उचलली. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

विसर्जनाच्या दिवशी शेवटच्या आरतीनंतर अध्यक्षांनी माइक घेतला. इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल काकांचा सत्कार. शाल, श्रीफळ, टाळ्या. आणि पुढच्या वर्षीपासून देखाव्याचं काम बाहेर देण्याचं कमिटीने ठरवलंय, काकांनी फक्त आशीर्वाद द्यायला यायचं. बाबांना खिशातून हात काढावा लागला. नारळ त्यांच्या हातात थरथरत होता आणि अख्खी सोसायटी प्रेमाने बघत होती. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. न वाजवून काय केलं असतं?

मग उत्तरपूजा झाली. गुरुजींनी मूर्ती जागेवरून जराशी हलवली, आणि बायका दागिने उतरवायला पुढे आल्या. काकूंनी आपलं कडं काढून डोळ्यांना लावलं. दुसरं कडं निघालं, जुडी निघाली, माळ, हार. तेवढ्यात गेटवर ढोल सुरू झाला आणि सगळे तिकडे धावले. मी बटन बंद करायला मागे गेले. बाबा नारळ घेऊन तिथेच उभे होते.

हात वर होता. जागच्या जागी, अगदी स्थिर. पंज्याच्या बोटालासुद्धा हालचाल नव्हती. इतके दिवस भाजून निघूनही माझ्या डबीचे दाते शाबूत होते. निवड चुकली नव्हती, मोजणं चुकलं होतं. आम्ही दोघंही बघत राहिलो.

“थांबा,” मी म्हटलं, “अध्यक्षांना बोलावते. सगळ्यांना बोलावते. त्यांना बघू दे.” मी ओरडलेही, पण ढोलापुढे माझा आवाज माझ्याच कानांपर्यंत पोचला नाही. मी धावणार, तेवढ्यात बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तोच उजवा. त्याचा कंप माझ्या ब्लाऊजच्या शिवणीपर्यंत जाणवत होता.

“राहू दे,” ते म्हणाले. “आता ते नाचायला लागलेत.” मग मूर्तीकडे बघून म्हणाले, “बंद कर बटन. थकला असंल तो.”

मी बटन बंद केलं. हात सावकाश खाली आला. बाबा शाल घडी करत होते आणि घडी नीट बसत नव्हती. पुढे होऊन ती घालून द्यायचीही माझी हिंमत झाली नाही.