मोठेबाबांचा खड्डा आणि काकांचा ढीग

आमच्या घराण्यात एकदा भांडण झालं ते शेतीवरून नाही, घरावरून नाही, रोडग्यावरून झालं. मोठेबाबा आणि काका, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले आणि धाकटे भाऊ, चांगली काही वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

झालं होतं असं. दर हिवाळ्यात तूर घरात आली की हिवरखेडच्या आमच्या शेतात सगळं खानदान जमतं. बांधावरच्या मारुतीला रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मग आपण आडवं होईपर्यंत जेवायचं. जाडसर कणकेच्या पोळ्या तेल लावून एकावर एक रचायच्या, त्यांचा बेलफळाएवढा गोळा वळायचा आणि गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे ज्वाळा विझल्यावर उरतो त्या लालभडक निखाऱ्यात, पुरून भाजायचा. कणीक बायकांची, आर मोठेबाबांचा. तो त्यांनी आमच्या आजोबांकडून घेतला होता आणि दुसऱ्या कुणाला काडीसुद्धा लावू द्यायचे नाहीत. अशाच एका वर्षी मोठेबाबांच्या लेकीचे नवे सासरचे लोक जेवायला आले होते. व्याह्यांनी रोडगा फोडला, आणि शेजारी बसलेले काका सहज बोलून गेले, "दादा, मधात कच्चाच रायला नं."

झालं. व्याह्यांसमोर! मोठेबाबांनी ताट सरकवलं नाही, आवाज चढवला नाही. फक्त त्या दिवसापासून काकांशी बोलणं बंद केलं. काकाही दुसऱ्या वर्षापासून शेतात यायचे थांबले. ते अकोल्याजवळ शेवंती आणि भाजीपाला लावतात. "फुलाचा सीझन हाय," असा निरोप पाठवायचे. रोडग्याच्या दिवशी नेमका.

मागच्या हिवाळ्यात आत्यानं हे सगळं मोडायचं ठरवलं. आत्या या सगळ्या भावंडांत मोठी, राहते अकोल्यात. तिला दोघेही घाबरतात. तिनं दोघांना फोन केला, "येनं हाय म्हन्जे येनं हाय," एवढंच बोलली आणि ठेवला.

माझे वडील मधले. दोघांच्या मधे पडायची वेळ येणार हे ओळखून त्यांचा गुडघा आदल्या दिवसापासूनच दुखायला लागला. "तू जा," ते मला म्हणाले आणि राजापेठेतल्या आमच्या घरात पंख्याखाली निवांत पडले. हिवाळ्यात, पंख्याखाली. मी बायकोला घेऊन निघालो आणि अकोल्याहून आत्याला गाडीत घेतलं. आत्या मांडीवर वांग्यांची पिशवी घेऊन पुढच्या सीटवर बसली.

"तुया गाडीले ब्रेक हाय नं?"

"आहे नं आत्या."

"मंग लाव. मले त्या दोघायच्या आधी पोचाचं नाही. आधी भांडू दे थोडंसं."

पोचलो तेव्हा भांडण नव्हतं, पण दोन आर होते. बोरीच्या झाडाच्या एका अंगाला मोठेबाबांनी नेहमीसारखा खड्डा खणला होता. काळ्या मातीच्या त्या खड्ड्यात गोवऱ्या रचून पेटवायच्या, आर झाला की रोडगे पुरायचे, वरून राख आणि तिच्यावर मातीचा थर. दुसऱ्या अंगाला काकांनी टेम्पोतून स्वतःच्या गोवऱ्या आणून सपाट जमिनीवर ढीग मांडला होता. खड्ड्यात हवा खेळत नाही, असं काकांचं मत. ढिगातली आग वाऱ्यावर उडते, असं मोठेबाबांचं. दोघांनी एकमेकांकडे पाठ केलेली होती आणि दोघांचे कान मागे होते.

मी दिसताच मोठेबाबा म्हणाले, "बरं झालं आला. इकडे ये, तुले शिकवतो. मायानंतर कोन पाहीन हे?"

तेवढ्यात पलीकडून काका, "काहून रे, मले राम राम नाही घातला? ये, खरं रोडगं कसं भाजतेत ते पाय."

अशा रीतीनं माझं शिक्षण दोन गुरूंकडे एकदमच सुरू झालं. मोठेबाबा सांगत, गोवरी उभी लाव. मी बोरीला वळसा घालून गेलो की काका सांगत, गोवरी आडवी लाव, उभी कोन लावते? मग ओळखून विचारत, "कोनी सांगतलं?" त्याचं उत्तर द्यायची सोय नव्हती.

वारा काकांच्या बाजूनं सुटला. मोठेबाबा डोळे पुसत मला म्हणाले, "त्याले सांग, धूर इकडे येऊन रायला."

काका दहा पावलांवर. त्यांनी ते ऐकलंच होतं, तरी मी जाऊन सांगितलं.

"त्यायले म्हन, धुराले म्या नाही धाडलं."

मी परत आलो. "मोठेबाबा, काका म्हणतात..."

"आयकलं म्या. बहिरा नाही झालो. त्याले सांग, मंग धुराले बोलाव वापस."

एवढ्या भांडणातही काका 'त्यायले', म्हणजे 'त्यांना', म्हणत होते, हे माझ्या बायकोनं बरोबर टिपलं. अबोला होता, पण आदर शाबूत होता. ती आत्याजवळ वांगी चिरत बसली होती. तिकडे चुलीवर मोठ्या गंजात वांग्याची भाजी रटरटत होती, वरण तयार होतं आणि साठेक भुकेली माणसं तुरीच्या वाळलेल्या तुराट्यांच्या मांडवाच्या सावलीत बसून त्या गंजाकडे बघत होती.

रोडगे दोन्हीकडे आरात गेले. खरं तर आता गप्प बसायचं असतं. पण मोठेबाबांना चैन पडेना. व्याह्यांसमोरचा तो शब्द त्यांच्या मनात इतकी वर्षं रुतून बसलेला. जरा वेळ गेला की ते माती बाजूला सारत, राख उकरत, एक रोडगा बाहेर काढून दाबून बघत आणि पुन्हा पुरत. "पाहून घेतलेलं बरं," म्हणत. मला पहिल्याच धड्यात त्यांनी सांगितलं होतं की पुरलेला रोडगा उकरायचा नाही, ऊब जाते. मी आठवण करून दिली तर म्हणाले, "ते तुयासाठी सांगतलं."

काकांचं नेमकं उलटं. एकदा दुसऱ्याला कच्चं म्हणून बसल्यावर आपलं कच्चं राहून चालणार नव्हतं. त्यांनी ढिगावर आणखी गोवऱ्या टाकल्या. मग आणखी. वाऱ्यानं ढीग लालेलाल झाला. जवळ उभं राहवेना. काका घामानं निथळत होते.

"काका, फार नाही होत?"

"होऊ दे. कच्चं तं नाही रायनार?"

हे म्हणताना त्यांनी आवाज जरा मोठा केला, बोरीपलीकडे जाईल एवढा. मोठेबाबांनी तो ऐकला आणि पुन्हा माती उकरली.

शेवटी आत्या उठली. मारुतीपुढे पानं मांडली होती, उदबत्ती लावली होती. "आना बाप्पा," ती म्हणाली, "लोकायचे जीव चालले."

मोठेबाबांनी खड्डा उघडला. रोडगे दिसायला देखणे, गुलाबीसर, कुठे डाग नाही. त्यांनी एक निवडला, गोणपाटावर घासून राख झटकली आणि सगळ्यांच्या देखत फोडला. आत पांढरी, ओली कणीक. एका जागी तर पोळ्या सुटल्याच नव्हत्या. मोठेबाबांचा चेहरा मला बघवेना. दुसरा फोडला, तसाच. तिसरा त्यांनी फोडलाच नाही, नुसता हातात धरून उभे राहिले.

सगळ्यांनी काकांकडे बघितलं. इतक्या वर्षांनी पुन्हा तेच बोलायची संधी होती, आणि या खेपेला साठ साक्षीदार होते. पण काका ढिगाजवळ खाली मान घालून बसले होते. त्यांच्या फावड्यावर जे आलं होतं ते काळं कुळकुळीत होतं.

आत्या तिकडे गेली. तिनं वरणाच्या पळीनं एका रोडग्यावर टिचकी मारल्यासारखं वाजवलं. टण्ण आवाज आला.

"हे मारुतीपुढं ठेवलं," ती म्हणाली, "तं तो गदा टाकून हेच उचलीन."

पहिल्यांदा माझी बायको हसली, मग तुराट्यांची सावली हसली, मग हसणं आवरेचना. मोठेबाबा तेवढे हसत नव्हते. काका उठले, बोरीला वळसा घालून खड्ड्यापाशी आले. मोठेबाबांच्या हातातला तो न फोडलेला रोडगा त्यांनी बघितला. सवयीनं माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "त्यायले म्हन..."

"तोंड हाय नं तुले?" आत्या तिकडून ओरडली. "त्याले कान हायेत. त्या पोराले काय टेलिफोन समजून रायले?"

काका थांबले. खालीच बघत म्हणाले, "दादा, मायाकडे आर लय झाला. वाया जाऊन रायला. तुमचे रोडगे तिकडे टाकू."

मोठेबाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, जमिनीवर पसरला आणि त्यात एकेक रोडगा ठेवायला लागले. काकांनी दुसरं टोक धरलं. ती झोळी घेऊन दोघे भाऊ बोरीला वळसा घालून गेले आणि ढिगासमोर उकिडवे बसले. काकांनी वरच्या जळत्या गोवऱ्या बाजूला ओढल्या, मोठेबाबांनी रोडगे मांडले.

"हात काढा दादा, चटका बसते."

"मले नोको शिकवू. राख टाक वरून. अबे, एवढी नाही! पुरून टाकतं का त्यायले?"

"तुमी तं मातीच टाकता."

"मातीनं ऊब राहते. बुवानं शिकवलं मले."

"मले बी बुवानंच शिकवलं. तुमी तवा आकोटले शाळेत होते."

आजोबांनी, ज्यांना सारे बुवा म्हणत, थोरल्याला खड्डा शिकवला होता आणि धाकट्याला ढीग. धाकट्याला शिकवलं त्या वर्षी पाऊस हिवाळ्यापर्यंत रेंगाळल्यानं खड्ड्यात पाणी भरत होतं, एवढंच त्याचं कारण, असं आत्यानं नंतर सांगितलं. दोघेही इतकी वर्षं बापाचं सांगणं पाळत होते.

भांडण अखंड चालू राहिलं, पण थेट. मला कुणी विचारेना. मी तुराट्यांच्या सावलीत जाऊन बसलो, तर तिथे लोकांनी वाट बघून बघून अर्धा गंज भाजी नुसतीच संपवली होती. चाखून बघतो म्हणत प्रत्येकानं द्रोण भरला होता.

रोडगे निघाले ते मात्र असे, की मी आजवर तसे खाल्ले नाहीत. मोठेबाबांकडे हळूहळू ऊब खाल्लेले, काकांकडे शेवटचा कडक शेक मिळालेले. फोडला की पापुद्रे आपोआप सुटत होते, तूप खालपर्यंत उतरत होतं. मारुतीला नैवेद्य झाला. काकांच्या काळ्या गोळ्यांचंही काही वाया गेलं नाही. वरचा कोळसा फोडून काढला तर आतला गर खमंग होता, फक्त खाताना दातांची काळजी घ्यावी लागत होती.

जेवताना दोघे शेजारी बसले. मोठेबाबांनी काकांच्या वरणात तुपाची धार धरली आणि काका "बस, बस" म्हणत असताना धरून ठेवली.

यंदा आमच्या शेतात एकच आर लागला. घोट्याएवढा खोल खड्डा आणि त्याच्यावर ढीग. तो नेमका किती खोल असावा यावर सकाळी वाद झाला आणि संध्याकाळी निघताना तो अजून चालूच होता. वडिलांचा गुडघा बरा झाल्यानं तेही आले होते. ते दूर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते.

मध्यंतरी मी राजापेठेत गच्चीवर एकट्यानं करून पाहिलं. जुन्या घमेल्यात गोवऱ्या लावल्या. थोड्याच वेळात खालचे शेजारी पाण्याची बादली घेऊन धापा टाकत वर आले. त्यांना वाटलं टाकीला आग लागली. मी त्यांना समजावून बसवलं. जरा वेळानं त्यांनी बादली बाजूला ठेवली, एक रोडगा तुपात बुडवून खाल्ला आणि आपल्या बायकोला फोन लावला, "स्वयंपाक करू नको. अन् येताना ताटं घेऊन ये."