रंगाखालची खूण

इथले गूढ अनुभव मी वाचतो ते कारण शोधत... वारा असेल, थकवा असेल, मनाचा खेळ असेल. लातूरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं नोकरी केली. भुताखेतांची पुस्तकं मागणाऱ्याला काढून दिली, स्वतः कधी घरी नेली नाहीत. तरीही आज लिहायला बसलो आहे. हळूहळू लिहितो आहे, कारण ज्याच्याविषयी लिहायचं तो माझा धाकटा भाऊ होता, आणि त्याला जाऊन अजून वर्ष झालेलं नाही.

धनंजयचं—आमच्या धनूचं—लोह्याला नांदेड रस्त्यावर गॅरेज होतं. बारावीपुढे शिकला नाही. पण गाडीतला दोष शोधताना त्याला पाहणं हा एक अभ्यासच होता. थरथर किती वेगाला सुरू होते? न्यूट्रल केल्यावर थांबते का? ओझं टाकल्यावर वाढते का? न्यूट्रल करूनही राहिली तर इंजिनवरचा संशय काढून टाकायचा, चाकं बदलूनही राहिली तर चाकांवरचा. घाई नाही, अंदाजपंचे काही नाही. इतक्या शिस्तीनं शोध घेणारे वाचक मला ग्रंथालयातही क्वचितच भेटले.

त्याची मुलगी मीरा लहानपणापासून चाकाच्या खुर्चीत आहे. तिच्यासाठी त्यानं एक जुना पिकअप घेतला आणि तो मागून वीतभर खाली आणला. आत झेरॉक्स मशीन, टेबल, प्रिंटर. फळी टाकली की मीरा स्वतःच्या हातांनी खुर्ची ढकलत आत जायची. तिची आई छाया गाडी चालवत तहसीलसमोर नेऊन उभी करायची, मीरा दिवसभर लोकांचे फॉर्म भरून द्यायची. गाडी अशी खाली आणली की इंजिनकडून मागच्या चाकांना फिरवणारा जो लांब शाफ्ट असतो, त्याचे कोन बिघडतात. ते सुधारायला धनूनं लोखंडाच्या पाचरी हातानं घासून मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली बसवल्या होत्या. तो होता तोवर गाडी पाण्यासारखी चालली.

श्रावणात तो गेला. बसल्या जागी.

दसऱ्यानंतर गाडी थरथरू लागली. ताशी पंचेचाळीसपर्यंत ठीक, पुढे जमिनीतून घुमल्यासारखा आवाज, साठला तर मीराचे दात वाजायचे. दुपारपर्यंत तिची पाठ धरायची. धनूचा वीस वर्षांपासूनचा भागीदार रफिकभाई, त्यानं होतं नव्हतं ते सगळं करून पाहिलं. मग नांदेडच्या एका मोठ्या गॅरेजवाल्यानं सांगितलं, खाली आणलीय हाच दोष आहे, पाचरी काढा, गाडी उचला. उचलली तर फळी इतकी उभी होणार की मीराला कुणीतरी ढकलल्याशिवाय चढता येणार नाही.

तिचा फोन आला. "काका, आई सोमवारी गाडी नांदेडला न्यायची म्हणून राहिली. त्याच्या आधी तुम्ही या."

"मी येऊन काय करू? मला स्टेपनी कुठं असते तेही माहीत नाही."

"माहीत आहे मला. तरी या. बाबांच्या बाजूनं कुणीतरी असावं."

रविवारी सकाळी अकराला मी लोह्यात होतो. रफिकभाईनं गाडी काढली, मी मागे मीराजवळ वही घेऊन बसलो. अठ्ठेचाळीसला सुरुवात. न्यूट्रल—तरीही कायम. मी लिहीत गेलो. अक्षर वेडंवाकडं येत होतं.

गॅरेजला परतल्यावर रफिकभाई कपाळ पुसत म्हणाला, "सर, चाकं बदलली. शाफ्टाच्या सांध्यातले क्रॉस नवे टाकले. बेअरिंग बी नवं. आता माझी अक्कलच बदलायची ऱ्हायली."

"ती नांदेडला मिळती का चाचा?" मीरा म्हणाली.

"मिळती असती तर तुझ्यासाठी बी आणली असती, बेटा."

हसलो आम्ही. पण उद्या सोमवार होता.

गाडी गॅरेजातल्या खड्ड्यावर घेतली आणि रफिकभाई मला खाली घेऊन गेला. काचांवर माती पडते म्हणून मी चष्मा काढून खिशात ठेवला होता, त्यामुळे हातभर अंतरावरचंही धूसर. शाफ्ट मात्र लालभडक. धनू दर दसऱ्याला शाफ्ट खोलायचा, धुवायचा, ग्रीस भरून रंगवायचा. या वेळी त्याच्या आठवणीनं रफिकभाईनं ते केलं होतं. "दोन हात मारले रंगाचे. सुटे करून रंगवले, मग जोडले. जोडल्यावर ही पांढरी खूण केली, पुन्हा खोललं तरी तसंच बसावं म्हणून."

माझ्या हातात त्यानं धरायला खडू दिला होता. तो सांगत होता आणि माझं लक्ष नव्हतं... धनू या खड्ड्यात किती तास उभा राहिला असेल, एवढंच मनात होतं.

"सर... ह्या रेघा कशाला मारल्या?"

मी चष्मा लावून पाहिलं. शाफ्टाचा एक भाग दुसऱ्यात दात्यांवर सरकून बसतो तिथे, सांध्याच्या अलीकडे एक रेघ आणि पलीकडे एक. दोन्ही माझ्याच खडूच्या. एकमेकींसमोर नव्हत्या, नखाएवढं अंतर होतं. मारल्याचं मला आठवत नव्हतं. आजही आठवत नाही.

रफिकभाईनं बोट फिरवून पाहिलं. सपाट. मग पॉलिश पेपर घेतला आणि पहिल्या रेघेवर घासला. रंग गेला. खाली ज्वारीच्या दाण्याहून लहान ठिपका होता—टोकदार पंचानं ठोकलेला. दुसऱ्या रेघेखालीही तसाच.

तो पायरीवर बसला. "धन्नूभाईची खूण हाय ही. इतर गाड्यांवर चुन्यानं करायचा. म्या चुन्याची खूण शोधली, गवसली न्हाई म्हणून शाफ्ट नजरेनं बसवला... एका दात्यानं चुकला. आन माझीच चूक खूण करून पुन्हा पुन्हा जोडून ऱ्हायलो."

शाफ्ट खोलून एक दाता फिरवला. ठिपके समोरासमोर आले. पाचरींना हात लावला नाही. दुपारी आम्ही नांदेड रस्त्याला लागलो. पन्नास. साठ. सत्तर. मीराच्या टेबलावरचे कागद हलले नाहीत. पुढे गाडी चालवणारा रफिकभाई एका हातानं डोळे पुसत होता.

"चाचा, येत्या दसऱ्याला माझ्या गाडीला नुसतं हळदी-कुंकू," मीरा म्हणाली. "रंग नको."

मी बरेच खुलासे करून पाहिले. बॅटरीच्या उजेडात रंगाला पडलेला बारीक खळगा दिसला असेल—पण बिनचष्म्याच्या मला? धनूनं कधी बोलता बोलता सांगितलं असेल—पण कुठल्या जागी, ते कसं? महिन्यानं रफिकभाईनं मला मोठ्या आशेनं दुसऱ्या एका पिकअपखाली उभं केलं. खडू दिला. मी पंधरा मिनिटं उभा राहिलो. काही झालं नाही, शर्ट तेवढा खराब झाला.

कारण मला अजून सापडलेलं नाही. कुणाला सुचलं तर जरूर सांगा, वाईट वाटणार नाही. मागच्या आठवड्यात लोह्याला गेलो तेव्हा मीरा फळीवरून आत चढत होती. मी मदतीला हात पुढे केला. "राहू द्या काका," ती म्हणाली, आणि वर गेली.