उजवी पाकळी पडेपर्यंत

एवढी भूमिती येणारा आणि तरीही पाऊल उचलण्याआधी देवाला विचारणारा माणूस साऱ्या कोकणपट्टीत आमच्या हेडमास्तरांखेरीज दुसरा झाला नाही. यावर मी कुणाशीही पैज लावीन, आणि हरण्यासाठी मी पैज लावत नाही. मालवणच्या बाजारात सुंभ-खोबऱ्याचं दुकान मी शून्यातून उभं केलं ते माणसं ओळखूनच. हा एकच माणूस मला ओळखता आला नाही. रोज संध्याकाळी काळी टोपी, धोतर आणि बगलेत छत्री घेऊन तो माझ्याच दुकानाच्या बाकावर येऊन बसायचा, तरीसुद्धा.

वर्गात मास्तरांचं एकच ब्रीद होतं, "सिद्ध कर!" कुणा पोराने कोन सारखे आहेत हे उघडच दिसतंय म्हटलं, की छडी. शाळेबाहेर मात्र सगळा भार कौलावर. ग्रामदेवतेच्या पाषाणाला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, आणि उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. शाळेला चुन्याचा हात कधी द्यायचा, नवी घंटा घ्यायची की जुनीच वाजवायची, सगळं देव ठरवी. घरच्या तसबिरीलाही ते पाकळ्या लावीत. एकदा दारावर आलेल्या कोळणीला "थांब गो, इचारून येतंय" असं सांगून ते आत गेले. ती टोपली उचलून चालू लागली. "देव व्हय म्हणीसर माझी सुरमय कुजतली, मास्तरानू!" मास्तरीणबाई तर चारचौघांत सांगत, "माका बगूक इले तेवा तीन वेळा कौल घेतल्यानी. माझ्या हातचा जेवान तेवडा बिनकौलाचा जेवतत." मास्तर हे ऐकून लाजत आणि आणखी एक पोळी मागून घेत.

हे सगळं मी हसून ऐकत आलो, कारण तोवर त्यात माझं काही अडकलेलं नव्हतं. मग माझा धाकटा भाऊ वसंत मॅट्रिकला बसला. मी पाचवीत शाळा सोडली ती आई गेली तेव्हा. वाडीत डॉक्टर नव्हता, आणि डोलीतून तिला मालवणात आणेपर्यंत उशीर झाला होता. वसंत डॉक्टर होणार हे मी त्याच दिवशी ठरवून टाकलं. त्याला कुणी विचारलं नव्हतं, पण घरातली मोठी कामं विचारून होत नसतात.

निकाल लागायचा तो नेमका पावसाळ्यासाठी मुंबईच्या बोटी बंद झाल्यावर. मुंबईचं वर्तमानपत्र कोल्हापूरवरून फोंडाघाट उतरून शिळं होऊन यायचं. त्यात नुसते पास झालेल्यांचे नंबर. वसंताचा नंबर त्यात होता. पण कोल्हापूरच्या कॉलेजला गुणपत्रिका हवी होती, आणि सायन्सचे अर्ज शनिवारी दुपारी बंद व्हायचे होते. गुणपत्रिकांचा लखोटा शाळेत आला गुरुवारी संध्याकाळी. मी धावत गेलो. मास्तर लखोटा छातीशी धरून देवळाकडे निघालेले.

"मास्तरानू, फोडा तो!"

"फोडतंय रे बाबल. वायच इचारून घेतंय."

गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, मास्तरांचो लखोटो इलो आसा. फोडूचो काय नाय, तां सांग." पाकळ्या चिकटल्या त्या चिकटल्याच. मृगाच्या दमट हवेत भिंतीवरचा चुनाही सुकत नाही, तर पाकळी काय सुटणार? शुक्रवारी सकाळी तेच. कोल्हापूरची गाडी माझ्या डोळ्यांदेखत गेली. संध्याकाळी पुन्हा तेच, आणि माझं डोकं फिरलं. मी गुरवाला बाजूला सारून उंबऱ्याशी उभा राहिलो.

"देवा म्हाराजा, आता शेवटचा सांगतंय. पाच नारळ दितंय, उजवी पाड. तां जमत नसात तर डावी पाड. पण कायतरी पाड!"

"बाबलशेट, ह्यो बाजार नाय!" गुरव ओरडला.

"मगे कोल्हापूरची मुदत तुजो देव वाढवन देतलो काय?"

मास्तरांनी त्या पाकळ्यांकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी तिथेच लखोटा फाडला. वसंताचे गुण पाहून त्यांनी एवढंच म्हटलं, "पोराक सकाळी तयार ठेव. मी जातंय वांगडा." ज्या माणसाने आयुष्यात देवाला न विचारता तालुका ओलांडला नव्हता, तो दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने, भर पावसात, माझ्या भावाला घेऊन घाट चढला.

घाटात दरड आली होती. ते पोचले तेव्हा सायन्सची खिडकी बंद झालेली. मास्तरांनी म्हणे प्रिन्सिपॉलांच्या दारात ठाण मांडलं, आणि आर्ट्सला तरी त्याला घेतल्याशिवाय तिथून हलले नाहीत. रविवारी रात्री एस.टी. स्टँडवर मी उभा होतो, तोंडात शिव्यांची पूर्ण तयारी करून. मास्तर उतरले. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेलं, टोपी कुठे पडली कुणास ठाऊक.

"आर्ट्साक घेतल्यानी रे बाबल. सायन्स गेलां. देवाक काय बोलू नको. बोलूचा तां माका बोल."

मी म्हटलं, "च्या घेतल्यात काय?"

वसंत आज घाटावर इतिहास शिकवतो. खूश आहे. कोंबडी कापलेली पाहूनही त्याला घेरी येते, पण तो मुद्दा वेगळा. लखोटा गुरुवारी हातात होता आणि दार शनिवारी बंद झालं, हा मुद्दा खरा. पुढे बाकावर बसून मास्तर मला दर निकालाला विचारत, "काय रे, बोलतस?" मी म्हणायचो, "आज गिऱ्हाइकाची गडबड आसा, उद्या बोलतंय."

गेल्या वर्षी मास्तर गेले. यंदा निकालाच्या दिवशी शेजारच्या दुकानदाराने सहज छेडलं, "काय बाबलशेट, मास्तरांवर राग आसा मा अजून?"

"आसा तर!" मी म्हटलं, आणि दुकान जरा लवकरच बंद केलं.